जिरेनियम दरवर्षी त्याच टप्प्यावर का अडतं? पिवळी पानं, गळणाऱ्या कळ्या आणि काळं पडणारं खोड

तक्रार जवळपास नेहमी एकाच वळणाने जाते. रोप आणलं तेव्हा गुच्छांनी भरलेलं होतं. महिना-दीड महिना मजेत गेला. मग खालची पानं एकेक करून पिवळी पडायला लागली, दांडे लांबले, नव्या कळ्या उमलण्याआधीच तपकिरी होऊन वाळल्या. खत घातलं, पाणी वाढवलं, निंबोळी तेल मारलं; रोप आणखीच उतरलं. पुढच्या हंगामात नवं रोप, नवी कुंडी आणि पुन्हा तोच प्रकार.

जिरेनियम नाजूक आहे म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. कुंडीत वाढवल्या जाणाऱ्या जिरेनियमचे पूर्वज मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतले. तिथल्या कोरड्या, खडकाळ उतारांवर, लख्ख उन्हात ती वाढतात. जाडसर खोडात थोडं पाणी धरून ठेवायचं आणि पुढच्या पावसाची वाट बघायची ही त्यांची रीत. असं झाड कुंडीत वारंवार मरत असेल तर बहुतेक वेळा कारण एकच निघतं: रोपाची जागा बदलते, उजेड कमी होतो, पण पाणी पूर्वीइतकंच पडत राहतं. या नियमाला अपवाद आहेत. ते थोडे असले तरी जीवघेणे आहेत, त्यामुळे हातात पाण्याचा झारा किंवा औषधाची बाटली घेण्याआधी पाच मिनिटं रोपाकडे नीट बघणं आलंच.

आधी रोप कोणतं ते ओळखा

आपण ज्याला सरसकट जिरेनियम म्हणतो ते शास्त्रीयदृष्ट्या पेलार्गोनियम. लिनियसने १७५३ मध्ये ही सगळी झाडं जिरेनियम याच वंशात घातली होती. १७८९ मध्ये लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने पेलार्गोनियम वेगळं काढलं, पण बागवाल्यांनी जुनं नाव सोडलं नाही. खरं जिरेनियम हा निराळा प्रकार आहे. थंड प्रदेशात जमिनीत लावतात, त्यातल्या बऱ्याच जाती हिमातही तग धरतात आणि फुलाच्या पाचही पाकळ्या साधारण सारख्या असतात. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिघींपेक्षा वेगळ्या दिसतात आणि हिम त्याला अजिबात सोसत नाही. खऱ्या जिरेनियमसाठी लिहिलेला सल्ला पेलार्गोनियमला लावला तर ते पहिल्याच हिमात संपतं.

कुंडीतल्या जिरेनियममध्ये चार गट ध्यानात ठेवले की काम भागतं. गोल पानांवर गडद पट्टा असलेलं झोनल. आयव्हीसारख्या चकचकीत, कोनदार पानांचं लोंबतं. मोठ्या, मखमली डागांच्या फुलांचं रीगल. आणि पान चुरगळलं की गुलाबाचा, लिंबाचा किंवा पुदिन्याचा वास देणारं सुगंधी. या गटांची दुखणी एकसारखी नाहीत. तांबेरा या बुरशीजन्य रोगाचा मुख्य बळी झोनल. पानाखाली फोड येण्याचा त्रास लोंबत्याला जास्त. रीगलला फुलंच येत नाहीत ही तक्रार तर जवळपास नेहमी तापमानाची असते.

पान पिवळं पडलं, पण कुठलं आणि कसं?

खालची, जुनी पानं पूर्ण पिवळी पडून गळत आहेत, माती ओलसर आहे, कुंडी उचलली तर जड लागते: हे जास्त पाण्याचं चित्र. गंमत अशी की पाणी कमी पडलं तरीही खालचीच पानं आधी जातात. फरक स्पर्शाने कळतो. तहानलेल्या रोपाचं पान कडेने तपकिरी, कोरडं, चुरचुरीत होतं आणि कुंडी हलकी फूल लागते. पाणी जास्त झालेल्या रोपाचं पान मऊ, लिबलिबीत होऊन देठासकट सुटतं. दोन्ही रोपं दुपारी मान टाकतात, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. मान टाकलेलं दिसलं की हात झाऱ्याकडे जातो. ओल्या मातीत गुदमरलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून रोप कोमेजलेलं दिसतं. त्यात वर आणखी पाणी पडलं की उरलेली मुळंही कुजतात.

जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसत असेल तर मॅग्नेशियम कमी पडतंय. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा एप्सम सॉल्ट विरघळवून मातीत द्यावं, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. जुनी पानं परत हिरवीगार होतीलच असं नाही, नवीन पानांकडे बघून निकाल लावायचा. हाच प्रकार शेंड्याच्या कोवळ्या पानांवर असेल तर तिथे लोह पोहोचत नाही. बऱ्याचदा मातीत लोह असतंच, पण सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आम्ल-अल्कपणाचं माप) फार वर गेल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. कठीण, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं घातलं की असं होतं.

याच्या अगदी उलट एक दुखणं आहे, ज्याकडे घरगुती बागेत फारसं कुणाचं लक्ष जात नाही. झोनल जिरेनियमला सामू ६ ते ६.५ च्या आसपास मानवतो. माती आम्ल होत सामू ५.५ च्या जवळ आला की लोह आणि मँगेनीज गरजेपेक्षा जास्त सुटतं, आणि झोनल ते अधाशासारखं ओढून घेतं. खालच्या पानांवर बारीक तांबूस-तपकिरी ठिपके पडतात, कडा करपतात, आणि माणूस रोग समजून बुरशीनाशक फवारत बसतो. पीट जास्त असलेल्या मिश्रणात आणि अमोनियावर आधारलेल्या खतांनी हे लवकर होतं. शिवाय जिरेनियमची मुळं स्वतःही आजूबाजूची माती आम्ल करत नेतात. सामू तपासायची पट्टी किंवा साधा मीटर मिळाला तर एकदा बघावं. कमी निघाला तर थोडा डोलोमाइट चुना मातीत मिसळायचा आणि खत बदलायचं. अशा रोपाला ‘पानं पिवळी आहेत, लोह घाला’ हा सल्ला म्हणजे आगीत तेल.

पानं पिवळी न पडता लालसर, जांभळट झाली असतील तर बहुधा थंडी आहे. रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जायला लागलं की मुळं स्फुरद (फॉस्फरस) नीट घेत नाहीत आणि पानांत लाल रंगद्रव्य साठतं. ऊब वाढली की नवी पानं हिरवी येतात. इथे काहीच करायचं नाही.

पाण्याचं खरं गणित उजेडात आहे

भर उन्हात साधारण एक लाख लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीच्या कट्ट्यावर तो काही हजारांवर येतो, आणि खिडकीपासून दीड-दोन मीटर आत हजाराच्याही खाली जाऊ शकतो. आपल्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, कारण डोळे जुळवून घेतात. खोली ‘चांगली उजेडाची’ वाटते. रोपाला मात्र अन्न करण्यासाठी मिळणारी ऊर्जा कित्येक पटींनी घटलेली असते. अन्न कमी तयार होतं, वाढ मंदावते, पानांतून पाणी कमी उडतं, माती ओलीच राहते. बाहेर दर दोन दिवसांनी पाणी लागणाऱ्या त्याच कुंडीला आत आठ-दहा दिवसांनीही पुरतं.

म्हणून ‘आठवड्यातून दोनदा’ असल्या वेळापत्रकांवर माझा विश्वास नाही. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती कोरडी झाली का ते बोट घालून बघायचं, कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा, आणि दोन्ही खुणा जुळल्या तरच पाणी. पाणी द्यायचं तेव्हा मात्र कंजूषपणा नको: तळाच्या भोकातून निथळेपर्यंत द्यायचं आणि बशीत उतरलेलं पाणी ओतून टाकायचं. रोज थोडं थोडं शिंपडण्याने वरची माती सतत ओली राहते, खालची मुळं कोरडी पडतात आणि खताचे क्षार साचतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरला असेल तर तो याचाच पुरावा. तेव्हा एकदा भरपूर साधं पाणी आरपार जाऊ द्यावं.

शोभेच्या बाहेरच्या कुंडीत प्लास्टिकची कुंडी बसवलेली असेल तर ती आजच्या आज उचलून आत बघा. तिथे दोन बोटं पाणी साचलेलं आणि त्यात रोप आठवडाभर उभं, हे दृश्य फार सामान्य आहे. कुंडीच्या तळाला खडे टाकले की निचरा सुधारतो हीही एक चिवट समजूत. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खड्यांत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजल्यावरच ते खाली झरतं. म्हणजे खड्यांमुळे ओल वर सरकते आणि मुळांना मिळणारी जागा कमी होते. निचरा हवा असेल तर पर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खनिज दाणे) किंवा जाडसर वाळू संपूर्ण मिश्रणातच मिसळावी. चिकण माती किंवा नुसतं कोकोपीट या दोन्हींपासून जिरेनियमला दूर ठेवलेलं बरं.

कुंडीही फार मोठी नको. लहान रोप मोठ्या कुंडीत लावलं की मुळं न पोहोचलेली माती दिवसचे दिवस ओली राहते. जिरेनियम थोडं अडचणीत असलं की बरं फुलतं, त्यामुळे कुंडी बदलताना आधीच्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर मोठी पुरे.

पानं भरपूर, फूल एक नाही

झोनल आणि लोंबत्या जिरेनियमला फुलण्यासाठी दिवस लहान-मोठा असण्याचा फारसा फरक पडत नाही. दिवसभरात एकूण किती उजेड मिळाला हे महत्त्वाचं. बाहेर किमान सहा तास ऊन हवं. जिथे दुपारचं ऊन भाजून काढतं तिथे सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली. घरात सर्वांत जास्त थेट ऊन येणारी खिडकी त्यालाच द्यावी, कट्ट्यावर, काचेच्या जवळ. पडद्यामागे किंवा कोपऱ्यातल्या स्टूलवर नाही. तशी खिडकीच नसेल तर एलईडी दिवा रोपापासून वीत-दीड वीत उंचीवर रोज १४ ते १६ तास लावून काम भागतं. कमी तीव्रतेचा उजेड जास्त वेळ दिला तर हिशेब बऱ्यापैकी जुळतो.

दांडे लांब, दोन पानांतलं अंतर मोठं, आणि सगळं रोप काचेकडे झुकलेलं असेल तर खत हा उपाय नाही. नत्र दिलंत तर आणखी मोठी पानं येतील, फूल येणार नाही. वाढीच्या दिवसांत, दर पंधरवड्याला, पाकिटावर लिहिलेल्याच्या निम्म्या ताकदीचं, पालाश (पोटॅश) बऱ्यापैकी असलेलं पातळ खत पुरतं. तेही ओल्या मातीत. शेणखत भरभरून घालणाऱ्यांच्या कुंड्यांत पानांचं रान माजलेलं दिसतं ते उगाच नाही. लांबलेले दांडे निम्म्यावर, पेराच्या किंचित वर कापावेत. नव्या फांदीला चार-पाच पानं आली की शेंडा खुडावा, म्हणजे तिला पुन्हा दोन-तीन फांद्या फुटतात. खुडल्यावर सहा ते आठ आठवडे फुलांची आशा करू नये. अधीर लोक नेमके इथे हार मानतात आणि रोप बदलतात.

उजेड पुरेसा आहे, खत बेतानं आहे, तरी फुलं थांबली? तापमान बघा. दिवसा १८ ते २४ आणि रात्री १३ ते १६ अंश हे याचं सुखाचं हवामान. पारा बरेच दिवस ३२ च्या वर राहिला की झोनल फुलणं थांबवतं. ते आजारी नसतं, नुसतं थांबलेलं असतं. या दिवसांत दुपारची सावली द्यावी, खत बंद ठेवावं, कुंडीच्या बाजूंना ऊन लागू देऊ नये. गारवा आला की ते आपोआप सुरू होतं.

रीगलचं म्हणणं वेगळं. त्याला कळ्या धरायला काही आठवडे साधारण १५ अंशांच्या खालच्या रात्री लागतात. वर्षभर उबदार खोलीत ठेवलेलं रीगल उत्तम पानं देईल आणि फुलाला मुकेल. थंडीत त्याला हिम न लागणाऱ्या, पण गार आणि उजेडाच्या जागी हलवा; वसंतात फुलेल. उष्ण, सपाट हवामानात बारमाही फुलं हवी असतील तर रीगलचा हट्ट धरू नये, झोनल घ्यावं.

कळ्या येतात पण उमलत नाहीत, ही तिसरी तऱ्हा. बोटाने कळी दाबून बघा. आतून पोकळ असेल, बारीक छिद्र असेल, खाली काळी विष्ठा सांडलेली असेल तर आत अळी आहे. उत्तर अमेरिकेत तंबाखूवरची कळी पोखरणारी अळी यासाठी कुप्रसिद्ध आहे. ती ज्या रंगाच्या पाकळ्या खाते त्या रंगाकडे तिचाही रंग झुकतो, त्यामुळे सहज दिसत नाही. संध्याकाळी टॉर्च घेऊन शोधावी, हाताने वेचावी. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जैविक कीटकनाशक अळी लहान असताना आणि कळीत शिरण्याआधी दिलं तरच उपयोगाचं. एकदा ती आत गेली की वरून काय वाटेल ते मारा, तिला काही होत नाही.

छिद्र नाही, कळ्या नुसत्या वाळतात किंवा पाकळ्या एकाएकी झडतात, तर इथिलीन वायूचा संशय घ्यावा. पिकणारी फळं, धूर, नीट न जळणारा गॅस यांतून तो येतो आणि जिरेनियमच्या पाकळ्या त्याला विलक्षण संवेदनशील असतात. काही तासांत गालिचा पडतो. फळांच्या टोपलीशेजारी कुंडी ठेवणं दिसायला छान, पण ती हलवा. बियांपासून वाढवलेल्या एकेरी फुलांच्या वाणांत परागीभवनानंतर पाकळ्या गळणं जास्त असतं, दुहेरी फुलांत कमी.

सुकलेला गुच्छ दांड्यासकट, जिथे तो खोडाला जुळतो तिथून मोडून काढावा. बी धरण्यात रोपाची ताकद जात नाही, आणि दुसरा फायदा याहून मोठा: ओल्या पानावर पडलेल्या कुजक्या पाकळ्यांवरच राखाडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, पहिल्यांदा धरते. तिथून ती पानात आणि दांड्यात उतरते. दमट, कोंदट हवेत कुंड्या एकमेकींना चिकटून असतील तर काही दिवसांत सगळीकडे राखाडी लव दिसते. मोकळी हवा आणि साफसफाई यांनी ती जितकी आटोक्यात येते तितकी औषधाने येत नाही.

पानाखाली फोड: दोन वेगळी दुखणी

पान उलटून बघा. मागे लहान, आधी पाणीदार आणि नंतर बुचासारखे तपकिरी, खरखरीत फोड असतील तर तो रोगच नाही. माती ओली आणि उबदार, हवा मात्र गार, दमट आणि उजेड कमी. अशा वेळी मुळं जितकं पाणी वर पाठवतात तितकं पानांतून बाहेर पडत नाही. पेशी फुगतात, फुटतात, आणि जखमेवर खपली धरते. पावसाळी, ढगाळ आठवड्यांत लोंबत्या जिरेनियमवर हे हमखास येतं. पाणी कमी करावं, सकाळीच द्यावं, कुंड्यांमध्ये अंतर ठेवावं. जुने फोड जाणार नाहीत. नवी पानं स्वच्छ आली म्हणजे प्रश्न सुटला. मात्र लाल कोळी आणि फुलकिडेही असेच खरखरीत डाग पाडतात, तेव्हा भिंगातून हलणारं काही दिसतंय का तेवढं तपासा.

पानाच्या वर फिकट पिवळा ठिपका आणि बरोबर त्याच्या मागे तपकिरी पुरळाची गोल कडी, कधी कड्यात कडी, असेल तर तो तांबेरा. बोट फिरवलं की तपकिरी भुकटी लागते. फोडांत ती लागत नाही. तांबेऱ्याच्या बीजाणूंना रुजायला पान काही तास ओलं असावं लागतं. त्यामुळे वरून पाणी शिंपडणं थांबवलं की निम्मी लढाई संपते. रोगट पानं कोरड्या वेळी, हलक्या हाताने काढून पिशवीत बंद करावीत. झटकत नेलीत तर शेजारच्या कुंड्यांना प्रसाद मिळाला म्हणून समजा.

खोड काळं पडतंय

इथे घाई करायलाच हवी. मातीच्या रेषेपासून खोड काळं, ओलसर, चकचकीत होत वर चढत असेल तर ती पिथियमची खोडकूज. सततच्या ओल्या मातीत ही बुरशीसदृश जीवजात मुळांतून किंवा ताज्या कापातून शिरते, आणि नव्याने लावलेल्या फांद्या तर दोन-तीन दिवसांत काळ्या पडतात. कुजलेला भाग बरा होत नाही. रोप वाचवण्यापेक्षा त्याचा शेंडा वाचवता येतो का, एवढंच बघायचं: काळेपणापासून बरंच वर, आतून पांढरट-हिरवा आणि टणक असलेला भाग कापून घ्यायचा, बाकी सगळं मातीसकट टाकायचं.

याहून वाईट म्हणजे जिवाणूजन्य करपा. झँथोमोनास गटातला हा जिवाणू जिरेनियमचा सर्वांत मोठा वैरी. पानावर टाचणीच्या डोक्याएवढे खोलगट, गोल डाग पडतात, किंवा पानाच्या कडेपासून आत टोक असलेला पिवळा-तपकिरी त्रिकोण दिसतो. हा त्रिकोण लक्षात ठेवण्यासारखा आहे. मग माती ओली असूनही एखादीच फांदी कोमेजते. तिचं खोड आडवं कापलं तर आतलं कडं तपकिरी निघतं. औषध नाही. पाण्याच्या शिंतोड्यांतून, कात्रीतून, हातांतून तो पसरतो, आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या फांदीतही लपून असतो. त्यामुळे अशा रोपाची फांदी लावायचा मोह टाळायचा. रीगल याला फारसं दाद देत नाही. झोनल आणि लोंबतं सहज बळी पडतात.

डाग एकही नाही आणि रोप तरीही ओल्या मातीत खालून वर कोमेजत पिवळं होत चाललंय, असं असेल तर राल्स्टोनियाची मर असू शकते. बटाटा आणि टोमॅटोला मारणाऱ्या या जिवाणूचा एक प्रकार २००३ मध्ये केनियातून गेलेल्या जिरेनियमच्या फांद्यांबरोबर अमेरिकेत पोहोचला होता, आणि तिथे हजारो रोपं नष्ट करावी लागली होती. घरच्या घरी याची खात्री करता येत नाही. बाग मोठी असेल, जवळ टोमॅटो-बटाट्याची लागवड असेल, तर कृषी विभागाच्या रोगनिदान प्रयोगशाळेकडे नमुना द्यावा.

आत-बाहेर करताना

हंगाम बदलताना बहुतेक रोपं बिघडतात ती या हलवाहलवीत. खिडकीतलं रोप एकदम उन्हात ठेवलं की पानांवर पांढरे, कागदासारखे चट्टे येतात. आधी दोन-तीन दिवस सावली, मग सकाळचं तासभर ऊन, असं करत आठवडा-दहा दिवसांत पूर्ण उन्हात न्यावं. पाणीही त्या बेताने वाढवायचं.

उलट दिशेने येताना, हिमाचा धोका सुरू होण्याआधीच आत आणावं. हिम लागून काळं पडलेलं रोप आत आणून फायदा नाही. आणायच्या आधी एक तृतीयांश ते निम्मं छाटावं, पानांची मागची बाजू तपासावी आणि काही दिवस इतर झाडांपासून लांब ठेवावं. पांढरी माशी बाहेर कुणाला दिसत नाही, पण आत आल्यावर पंधरा दिवसांत ढग उठतो. सुरुवातीला काही खालची पानं गळतील. गळू द्या. हे कमी उजेडाशी जुळवून घेणं आहे, यावर पाणी किंवा खत द्यायचं नाही. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवा. पानं चघळली की त्यांना उलट्या होऊ शकतात.

उजेडाची जागाच नसेल तर रोपाला झोपवताही येतं. मातीतून काढून, मुळं झटकून, सात ते दहा अंशांच्या कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवायचं. महिन्यातून एकदा मुळं तासभर पाण्यात बुडवायची, पुसून परत ठेवायचं. सुरकुतलेल्या काड्या दिसतील, पण खोड टणक असेल तर वसंतात फुटतात.

किडींबद्दल थोडक्यात

मावा आणि पांढरी माशी साबणाच्या सौम्य फवारणीने आणि पिवळ्या चिकट सापळ्याने आवरतात. फवारा पानाच्या मागे पोहोचायला हवा आणि आठवड्याच्या अंतराने तीन-चारदा. पिठ्या ढेकूण असेल तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसावा. वरून काही दिसत नाही आणि रोप खुरटत चाललंय, तर कुंडीतून काढून मुळं बघा. तिथे पांढरी कापसासारखी वस्ती असते. निंबोळी तेल या किडींवर ठीक आहे, पण वर सांगितलेल्या कुठल्याही कुजीवर, करप्यावर किंवा फोडांवर त्याचा उपयोग नाही. भर उन्हात मारलं तर पानंच भाजतात.

युरोपात दक्षिण आफ्रिकेतलंच एक छोटं तपकिरी फुलपाखरू १९९० च्या सुमारास मायोर्का बेटावर आढळलं आणि तिथून भूमध्य किनाऱ्यावर पसरलं. त्याची अळी दांडा आतून पोखरते. काळं पडलेलं छिद्र दिसलं की त्याखालून कापून टाकणं हाच मार्ग. पण बदला घ्यायलाही जिरेनियम कमी नाही. जपानी भुंगेरे त्याच्या पाकळ्या खातात आणि अर्ध्या तासात लुळे होऊन उताणे पडतात. पाकळ्यांतल्या क्विसक्वालिक आम्लाचा तो परिणाम. बहुतेक भुंगेरे दिवसभरात सावरतात, जर मधल्या वेळात पक्ष्याने उचललं नाही तर.

नवी फांदी लावताना आणि जुनं टाकताना

निरोगी, फूल नसलेल्या शेंड्याची आठ-दहा सेंटिमीटर लांबीची फांदी पेराच्या लगेच खाली कापावी. खालची पानं आणि देठाशी असलेले छोटे उपपर्ण काढून टाकावेत, कारण कूज तिथूनच सुरू होते. काही तास सावलीत ठेवून काप सुकू द्यावा आणि मग ओलसर, पण चिंब नसलेल्या पर्लाइट-कोकोपीटमध्ये खोचावी. गुलाबाच्या किंवा जास्वंदीच्या फांदीसारखी प्लास्टिकची पिशवी वरून घालू नये. लवदार पानांना कोंदटपणा सोसत नाही. २० अंशांच्या आसपास तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात.

दोन रोपांच्या मध्ये कात्री दर वेळी स्पिरिटने पुसा. रोगाने गेलेलं रोप आणि त्याची माती कंपोस्टमध्ये घालू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. कुंडी पुन्हा वापरायची असेल तर आधी घासून माती काढा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी या द्रावणात दहा मिनिटं बुडवून ठेवा, धुऊन उन्हात वाळवा. मातीची कुंडी असेल तर जरा जास्त वेळ, कारण तिच्या छिद्रांत बरंच काही मुरलेलं असतं.